चिठ्ठीवरचं ठिकाण

१

संग्रहालयात माझं काम चिठ्ठ्या लिहायचं. बाहेरगावाहून गोगलगाई येतात, भुंगे येतात, शिंपले येतात. येतात तेव्हा सगळे मेलेले असतात आणि बघून ते कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. गोळा करणाऱ्याने पाठवलेला मजकूर वाचून मी बोटभर कागदावर न पुसणाऱ्या काळ्या शाईने लिहितो: काय, कुठे, कुणाला, कधी सापडलं. चिठ्ठी खोक्यात नमुन्याशेजारी गेली की तो प्राणी त्या ठिकाणचा झाला. पुढे शंभर वर्षांनी कुणी खोकं उघडलं तरी ती चिठ्ठी सांगेल तेच खरं.

आमचे साहेब गोगलगाईंचे मोठे जाणकार. पाठीमागे आम्ही त्यांना शंखोबा म्हणायचो. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे कचरा." आणि खरोखरच उचलून टोपलीत टाकायचे.

त्या आठवड्यात त्यांनी माझ्यामागे एक जादा काम लावलं होतं. माझं घर शहराबाहेर, बंद पडलेल्या चुन्याच्या खाणीला लागून असलेल्या वस्तीत. "तिथेच राहतोस ना? मग येताजाता खाणीतल्या गोगलगाई उचलत जा." मी उचलल्या. मला चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवायची वाईट खोड. वस्तीचं नाव घालून बारा लिहिल्या, आणि गोगलगाई भरल्या अकरा खोक्यांत. एक चिठ्ठी उरली.

त्याच दुपारी टपालाने एक पत्र्याचा डबा आला. आत सात पांढरे शंख. बरोबरच्या कागदाची चाळण झाली होती. वाटेत एखादी गोगलगाय जिवंत राहिली असणार आणि तिनेच तो खाल्ला असणार. असं होतं, त्यांना कागद चालतो. डबा कुणाचा ते उद्या बघू म्हणून मी शंख एका खोक्यात काढून ठेवले, तोच घरून निरोप आला की मुलीला ताप भरलाय. दोन दिवस रजा घेतली. परत आलो तेव्हा टेबल कुणीतरी आवरलं होतं, डबा फेकून दिला होता. समोर एक खोकं बिनचिठ्ठीचं आणि एक चिठ्ठी बिनखोक्याची. दोन दिवसांच्या जागरणाने डोकं जड झालं होतं. मी जोडी लावून टाकली.

२

साहेब ते खोकं उघडून खुर्चीतून उठलेच. शंखाचं टोक वर धरलं की त्याचं तोंड बहुधा उजव्या हाताला येतं. या सातही शंखांचं डाव्या हाताला होतं. शिवाय शंख जाड, जुन्या बशीसारखा. "चुन्याच्या खाणीत राहणार, चुना खाणार, जाड होणारच!" असं म्हणत साहेबांनी लेख लिहायला घेतला. नवीन जात. नाव दोन शब्दांचं. पहिला शब्द तिच्या खानदानाचा, तो ठरलेलाच. दुसरा साहेबांनी दिला: आमच्या वस्तीचं नाव, मागे लॅटिन शेपूट.

वस्तीने काय नाचायचं बाकी ठेवलं! आजवर आम्हाला एक खड्डा सोडला तर ओळख नव्हती. आता वस्तीच्या तोंडाशी पाटी लागली, तिच्यावर हत्तीएवढी गोगलगाय. न्हाव्याने दुकानाला तिचं नाव दिलं. शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली आणि माझ्या लेकीला दुसरा नंबर मिळाला. अकरा वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती कधी चालतच नाही, पळते. जिन्यावरून, गच्चीवर, अंघोळीला जातानासुद्धा.

"बाबा, ती चिठ्ठी तुम्ही लिहिलीत ना?" ती सगळ्यांसमोर विचारायची. "मग निम्मं नाव तुम्हीच ठेवलंत."

मी मिशीत हसायचो.

लेख छापून आल्यावर महिन्याने पत्र आलं. आमच्याकडे नमुने पाठवणारा एक माणूस आहे, घरदार नसलेला, डोंगरदऱ्यांत फिरणारा. आम्ही त्याला भटक्या म्हणतो. त्याने लिहिलं होतं: "सात डाव्या पांढऱ्या शंखांचा डबा पाठवला होता, पोचला का? ते खोरं फार लांब आहे, पुन्हा लवकर जाणं व्हायचं नाही. साहेबांना एक विचारा. तिथला दगड सगळा काळा, चुना औषधालाही नाही. मग ह्या गोगलगाई एवढे जाड शंख कशाचे करतात? आणखी एक. तिथली माणसं बसून असतात. आजारी म्हणावं तर तसं दिसत नाही. खातात, बोलतात, पण बसून. पोरंही."

तो सात शंखांचा डबा मला आठवला. साहेबांकडे जायला उठलो आणि दारातून परत फिरलो. त्या आठवड्यात संग्रहपालाच्या जागेसाठी त्यांनी माझं नाव वर पाठवलं होतं. मी भटक्याला उत्तर लिहिलं की डबा वाटेत फुटला, शंखांचा भुगा झाला, माफ करा. त्याचं पत्र मात्र फाडवेना. टेबलाच्या तळाच्या कप्प्यात टाकलं आणि मूग गिळून गप्प बसलो. पुढच्या महिन्यात मी संग्रहपाल झालो.

३

ज्यांना ज्यांना हौस होती ते सगळे खाणीत गोगलगाय शोधून आले. कुणाला सापडली नाही. मला मनातल्या मनात त्यांची कीव यायची आणि थोडी मजाही वाटायची. नसलेली गोष्ट कशी सापडेल?

मग एका रविवारी सकाळी मी भिंगरीच्या खोलीत कपाट सरकवत होतो. भिंतीतून आवाज येत होता. कोरड्या भिंतीवर कुणी नखाने हळूहळू घासावं तसा, मध्येच थांबणारा. वाळवी असेल म्हणून कपाटामागे डोकावलो. चुन्याच्या भिंतीवर वीतभर पट्टा खरवडून विटा उघड्या पडल्या होत्या. पट्ट्याच्या टोकाला एक पांढरी गोगलगाय होती. मी तिचं टोक वर करून धरलं. तोंड डाव्या हाताला आलं.

मी कपाटाला टेकून उभा राहिलो. मग हिशेबी माणसासारखा विचार केला. डब्यात एक जिवंत होती. तिची अंडी माझ्या बाहीला लागली असतील. बाही ती, घर हे. पण तो डबा उघडून सव्वाच वर्ष झालं होतं आणि ही गोगलगाय पूर्ण वाढलेली होती, एवढा जाड शंख व्हायला तीन-चार वर्षं लागतात. गोगलगाई कुंड्यांतून येतात, मातीतून येतात, विटांतून येतात. येऊ शकतात. असं मी तीन-चारदा स्वतःला सांगितलं.

"काय सापडलं?" बायकोने दारातून विचारलं.

"गोगलगाय."

"आपली? अगंबाई! मग साहेबांना दाखवा की. असे तोंड पाडून काय उभे राहिलात?"

साहेबांनी मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आठवडाभरात वस्तीतल्या वीस घरांत त्या निघाल्या. वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो आला. माझी चूक खरी ठरली होती. आता कुणालाच काही कळणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जेवण जाईना.

४

भिंगरी पडली ती सपाट फरशीवर. हात टेकला आणि मनगट मोडलं. पळणारं पोर, पडायचंच, असं सगळे म्हणाले. प्लास्टर निघालं आणि दहा दिवसांत शाळेच्या पायरीवर डावा पाय मोडला, नडगीत. उडी मारली नव्हती. पायरी उतरत होती.

हाडांचे डॉक्टर फोटो उजेडाला धरून खूप वेळ बघत राहिले. "दूध पिते का?"

"दोन वेळा," बायको म्हणाली.

"रक्त तर ठीक आहे. गोळ्या देतो. राहता कुठे?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"गोगलगाईवाले!" ते हसले आणि मग हसू आवरतं घेतलं. "तुमच्याकडून ह्या महिन्यातलं हे सहावं मूल. पाणी तपासून घ्या तुमचं."

पाणी तपासलं. पाणी उत्तम होतं, चुना भरपूर. शाळेने त्या वर्षीच्या शर्यती पुढे ढकलल्या.

मी बायकोला म्हटलं, पोरीला घेऊन भावाकडे जा. तिचा भाऊ दुसऱ्या गावात राहतो, गाडीने चार तास. तिथे नवं घर, नव्या भिंती, चुन्याचा कण नाही. भिंगरी पाय प्लास्टरमध्ये घालून गेली. मी घरी एकटा राहिलो आणि रोज सकाळी चिमट्याने भिंतीवरच्या गोगलगाई वेचू लागलो. मिठाच्या पाण्यात टाकायचो. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच असायच्या, मोजून तेवढ्याच.

५

भटक्या आला तो अशा वेळी. वर्षभरात न आलेला माणूस सरळ नमुन्यांच्या खोलीत शिरला आणि माझ्या समोरच्या स्टुलावर बसला. उन्हाने काळा ठिक्कर पडला होता, चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता.

"तुमच्यासाठी वाईट बातमी आहे," तो म्हणाला. "त्या खोऱ्यातल्या डाव्या गोगलगाई संपल्या. आठ दिवस शोधलं. एक नाही."

"कधीपासून नाहीत?"

"वर्ष होऊन गेलं म्हणतात. पण अहो, ते सोडा. माणसं उठली!"

"कुठली माणसं?"

"लिहिलं होतं ना मी तुम्हाला? बसून असायची ती. ज्या बाईंच्या घरी मी उतरतो, त्या परवा हंडा घेऊन स्वतः झऱ्यावर गेल्या. किती वर्षांनी, त्यांनाच आठवत नाही. काठी नाही, काही नाही. पोरं तर विचारू नका. त्यांना चालता येतं हेच नवीन, त्यामुळे दिवसभर नुसती पळतात. मुद्दाम अंगावर येऊन आदळतात." तो एकटाच हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमची तब्येत बरी दिसत नाही."

मी त्याला चहा पाजला. लेख छापून आल्यालाही वर्ष होऊन गेलं होतं, तारीख मला तोंडपाठ होती. तो गेल्यावर वहीत बघायचीही गरज नव्हती, तरी बघितलं.

योगायोग म्हणून एक गोष्ट असते आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. गोगलगाय वाचत नाही. शंखाला आपल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते माहीत नसतं. हे मी त्या खोलीत मोठ्याने बोललो.

६

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला भिंगरीला परत आणलं. मामाच्या घरी एकही गोगलगाय दिसली नव्हती. बायकोने रोज भिंती पाहिल्या होत्या, मी सांगितलं म्हणून, कारण न विचारता.

डॉक्टरांनी करवत लावली आणि लगेच थांबवली. प्लास्टर चिरलंच नाही, चुरगळलं. बाहेरून अखंड होतं, रंग तोच, वर मैत्रिणींच्या सह्याही होत्या. आतून कुणीतरी खरवडून खरवडून त्याचं कागदाएवढं पातळ पान करून ठेवलं होतं.

"पाणी गेलं असेल आत," डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

त्यांनी कवच उचललं. पोटरीवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एक चकचकीत रेघ होती, वाळलेली. ती गुडघ्याशी येऊन थांबत होती. थांबत होती म्हणजे कातडीवर दिसेनाशी होत होती. रेघ जिथे संपली तिथे कातडीखाली हरभऱ्याच्या दाण्याएवढा उंचवटा होता. मी बघत असतानाच तो आत बसला.

"गुदगुल्या होतात," भिंगरी म्हणाली.

डॉक्टरांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मान खाली घालून नवीन प्लास्टर भिजवायला घेतलं. फोटोत उजव्या पायाचं हाडही पातळ दिसत होतं. "तिला चालवू नका," ते म्हणाले. "किंबहुना बसूनच ठेवा."

७

मी भटक्याचं जुनं पत्र घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. डबा, खोकं, उरलेली चिठ्ठी.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग घडी करून माझ्याकडे सरकवलं. "वस्तीत जिवंत सापडल्या की नाही?"

"सापडल्या, पण नंतर."

"वीस घरांत. फोटो आहेत. आता म्हणे चिठ्ठी चुकली! माझं नाक कापायला निघालास? आणि समज चुकली, तरी नाव बदलत नाही. एकदा छापलं की छापलं, नियमच आहे तो."

"नाव राहू द्या. पण ठिकाण दुरुस्त करता येतं. तीन ओळी लागतात."

"मी नाही लिहिणार."

"माझी मुलगी..."

"मुलीला चांगल्या डॉक्टरकडे ने," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. त्यामुळे मला जास्तच राग आला.

तीन ओळी मी लिहिल्या. संग्रहपालाला तो अधिकार असतो. सदर जातीचे मूळ नमुने अमुक खोऱ्यातील असून छापलेले ठिकाण संग्रहालयातील चुकीमुळे आले आहे, वाचकांनी दुरुस्त करून घ्यावे. पुरावा म्हणून पत्र जोडलं. पाकिटावर पत्ता घातला आणि ते दोन दिवस टेबलावर ठेवलं.

त्या दोन दिवसांत मी काय विचार केला ते लपवत नाही. झऱ्यावर गेलेल्या त्या बाईंचा केला. मुद्दाम येऊन आदळणाऱ्या पोरांचाही केला. मी असंही म्हणून पाहिलं की मी फक्त खरं तेच लिहितोय, चूक सुधारतोय, आणि चूक सुधारणं हे तर माझं काम. वस्तीत आणखी मुलं होती, त्यांचाही आडोसा घेतला. पण खरं सांगायचं तर मला एकच मूल दिसत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोचा घरून फोन आला की भिंगरी गादीवर कुशीवर वळली आणि बरगडी मोडली. मी पाकीट टाकून आलो.

८

साहेबांचा लेख छापणाऱ्या त्रैमासिकाच्याच शेवटच्या पानावर, अगदी खाली, दुरुस्ती छापून आली. त्या आठवड्यात साहेबांनी मला नमुन्यांच्या खोलीतून काढून तिकीट खिडकीवर बसवलं. वाईट वाटलं नाही. पंधरवड्यात घराच्या भिंतींवरून गोगलगाई नाहीशा झाल्या. रिकामे शंखसुद्धा मागे राहिले नाहीत. वस्तीच्या तोंडाशी पाटी अजून आहे, न्हाव्याचं दुकानही त्याच नावाने चालतं. नाव बदलत नाही.

दोन महिन्यांनी फोटोत हाडं भरलेली दिसली. डॉक्टरांनी गोळ्यांना श्रेय दिलं. मी त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. भिंगरी पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत चालली तेव्हा बायको ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडली. मीही रडलो. ती समजली आनंदाने, आणि होताच आनंद, त्यात खोटं काही नव्हतं.

भटक्या पावसाळ्याआधी खोऱ्यात जाणार होता. गेला. तीन महिन्यांत यायला हवा होता, सात झाले. मी त्या बाईंच्या पत्त्यावर त्याला दोन पत्रं टाकली. तिसरं लिहायला बसतो आणि राहून जातं. आला असता तर मी काय बोललो असतो, हेही मला माहीत नाही.

काल सुट्टी होती. बायको बाजारात गेली होती. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो आणि भिंगरी व्हरांड्यात पळत होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला हात लावून परत. धप धप धप धप, हात, आणि परत. हे ऐकायला मिळावं म्हणून मी काय काय केलं होतं. ऐकत होतो. मग ती खोलीत शिरली आणि हसत, मुद्दाम, पूर्ण जोराने येऊन माझ्या अंगावर आदळली.

"बस खाली!" मी ओरडलो.

माझा तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती जिथे होती तिथेच फरशीवर बसली, मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. चूक काय झाली ते शोधत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला तिला ऊठ म्हणायचं होतं. पण मी तिला बघत नव्हतो. तिच्याएवढीच, तशीच बसलेली, कुणाकडे तरी बघणारी दुसरी पोरं मला दिसत होती, एकामागे एक, खोलीच्या भिंतीपर्यंत.

बऱ्याच वेळाने भिंगरीने हळूच विचारलं, "बाबा, किती वेळ बसायचं?"